सिलिकॉन मारलेलं घर

माझा नवरा खिडक्या बसवतो. सगळे त्याला फिटर म्हणतात. अ‍ॅल्युमिनियमची चौकट, तिच्यात काच, काचेभोवती रबर, आणि चौकट नि भिंत यांच्यामधल्या फटीत सिलिकॉन. सिलिकॉन मारावं तर त्यानेच. साबणाच्या पाण्यात बोट बुडवायचं आणि वरपासून खालपर्यंत एका दमात फिरवायचं, मध्ये थांबायचं नाही. काम संपलं की तो खिशातून पातळ कागदाची पट्टी काढतो आणि कडेकडेने धरत जातो. पट्टी फडफडली तर कुठेतरी फट आहे. मेल्यासारखी लटकली की काम पास. गिऱ्हाइकाच्या हातात पट्टी देऊन म्हणतो, "आता तुम्ही स्वतः फुंकर माराल तरच हलेल."

या पट्टीने आमच्या मुलीचा जीव घ्यायचाच बाकी ठेवला होता.

आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. खाली रस्ता, रस्त्याच्या टोकाला वजनकाटा. खडीचे, सिमेंटचे, राखेचे ट्रक काट्यावर चढण्याआधी आमच्या खिडकीखाली रांग लावतात. पहाटेपासून अकरापर्यंत, मग दुपारी चारपासून दिवेलागणीपर्यंत. रांग दोन-दोन तास हलत नाही, पण इंजिन एकाचंही बंद नसतं. मी एकदा खाली उतरून एका ड्रायव्हरच्या दाराचा पत्रा वाजवला.

"बंद कर की गाडी. कधीचा उभाच आहेस."

"बंद केली तर ढकलून चालू करावी लागते, ताई. येता का ढकलायला?"

मागचे चार जण फिदीफिदी हसले. दुसऱ्या दिवशी मी अर्ज घेऊन पालिकेच्या कार्यालयात गेले. साहेब अर्जापेक्षा घड्याळाकडे जास्त बघत होते. म्हणाले, "काटा काही हलवता येत नाही, बाई. तुम्ही खिडक्या बंद ठेवत जा." शाळेतल्या बाईंनीही तेच सांगितलं. वर्तमानपत्रातही तेच छापून आलं. ज्यांनी धूर बंद करायचा त्यांनी आम्हाला खिडक्या बंद करायला सांगितल्या, आणि आम्ही गाढवांनी ऐकलं.

मुलीला आम्ही बारकी म्हणतो. नऊ वर्षांची आहे. तिला दमा आहे. डॉक्टरांनी फुंकायची एक नळी दिली होती, तिच्यावर आकडे आणि सरकणारा काटा. सकाळ-संध्याकाळ जोरात फुंकायचं आणि काटा थांबेल तो आकडा वहीत लिहायचा. दोनशेच्या वर हिरवा पट्टा, दीडशेच्या खाली लाल. त्या महिन्यात काटा तीनदा लालमध्ये अडकला. डॉक्टर म्हणाले, "महिनाभर बघू. आकडा वर आला नाही, तर हिला काही महिने त्या रस्त्यावरून हलवा. कुणी आहे का दुसरीकडे?"

आहे ना. माझी नणंद, फिटरची थोरली बहीण. टेकड्यांपलीकडे, गाडीने चार तासांवर तिची रोपवाटिका आहे. नवरा गेला, मूलबाळ नाही. डॉक्टरांचं बोलणं तिला कुणी कळवलं ठाऊक नाही, माझा संशय सासूबाईंवर आहे. संध्याकाळी फोन आलाच.

"पाठव तिला इकडे, वहिनी. पोर खोकून खोकून अर्धी झाली तुझ्या घरात."

"ताई, पाठवायला ती काय शिलाई मशीन आहे? दुरुस्त झाली की आणली परत?"

"परत आणायची घाई कुणाला आहे? वर्षभर राहू दे. इथल्या शाळेत मी बोलूनही ठेवलंय."

बोलूनही ठेवलंय! मी फोन ठेवला आणि भांडी आपटायला घेतली. वर्षभर म्हणजे किती ते मला बरोबर कळलं होतं. माझीच मुलगी मला परत मागावी लागली असती, हात जोडून, दुसऱ्याच्या अंगणात उभं राहून.

फिटर म्हणाला, "कुठेही जात नाही ती. महिना दिलाय ना डॉक्टरांनी? लोकांच्या घरात मी वारा शिरू देत नाही. माझ्या घरात धूर शिरेल?"

त्याने दोन दिवस कामावर सुट्टी टाकली. रस्त्याकडच्या दोन्ही खिडक्यांना दुहेरी रबर. दाराखालच्या फटीला ब्रश. मागच्या, इमारतीच्या आतल्या चौकाकडच्या खिडकीची तावदानं स्क्रूने कायमची आवळली, चौकातूनही धूर फिरून येतो म्हणून. मग तो स्वयंपाकघरात आला. तिथे शेगडीच्या वर भिंतीत गोल भोक होतं आणि भोकात एक्झॉस्ट पंखा. पंखा बंद असला की त्यातून काळी भुकटी ओट्यावर पडायची. त्याने पंखा उपटला, भोकावर पत्रा मारला, फोम भरला आणि वर सिलिकॉन.

सासूबाई पोळपाट हातात धरूनच उभ्या होत्या. काट्यावरच्या बारा हमालांचे डबे त्या करतात. पहाटे पाचला दोन्ही शेगड्या पेटतात त्या साडेआठपर्यंत. हमालांना तळलेलं काहीतरी रोज लागतं.

"अरे, माझा धूर कुठून जायचा?"

"गॅस आहे, आई. चूल नाही. गॅसला कुठे धूर असतो?"

"आणि तळणाचा?"

"त्याचा वास असतो. वासाने कुणी मेलंय का?"

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी ओट्यावर सांडलेला फोम पुसायला घेतला. मला ते भोक बंदच व्हायला हवं होतं. सगळं बंद व्हायला हवं होतं. एका फटीमुळे माझी पोर जाणार असेल, तर मी ती फट दातांनी चावून बंद केली असती.

पहिला आठवडा आम्ही राजासारखे वावरलो. खिडकीच्या कट्ट्यावर पांढरं फडकं ठेवलं की आठ दिवसांनीही पांढरं. ट्रकचा आवाज विहिरीतून आल्यासारखा. शेजारीपाजारी बघायला आले. फिटरने प्रत्येकाला पट्टी धरायला लावली. समोरचे रिटायर्ड क्लार्क म्हणाले, "मस्त काम केलंस. आता आत मेलास तरी वासाने कळायचं नाही." सगळे हसले. फिटर सगळ्यात मोठ्याने हसला.

दुसऱ्या आठवड्यात माझं डोकं ठणकायला लागलं. सकाळी उठल्यावर नाही, डबे झाल्यावर. सासूबाई पदराने डोळे पुसत पीठ मळायच्या. भिंतींना घाम फुटायचा. डास आत कोंडले गेले होते, म्हणून सासूबाई संध्याकाळपासून कॉइल लावायच्या, आणि कॉइलचा धूर खोलीच्या मधोमध टांगल्यासारखा राहायचा, पट्टीसारखाच, न हलता. काचांवर आतून चिकट पिवळट थर बसू लागला. बोट फिरवलं की रेघ उठायची.

तो थर मी पुसून टाकायचे. रोज दुपारी, साबण घालून, फिटर घरी यायच्या आत. तो आला की काच लख्ख. कुणी सांगितलं होतं पुसायला? कुणी नाही. माझी मीच. जोपर्यंत काच स्वच्छ दिसत होती तोपर्यंत त्याचं काम फसलं नव्हतं, आणि त्याचं काम फसलं नव्हतं तोपर्यंत बारकी माझ्याजवळ होती. इतका साधा हिशोब होता माझा.

आणि वहीतले आकडे चढत होते. एकशे सत्तर. एकशे नव्वद. दोनशे दहा. फिटर जेवायला बसण्याआधी वही मागायचा आणि दोनशे दहावर बोट ठेवून सासूबाईंना दाखवायचा.

एका संध्याकाळी मी कपड्यांच्या घड्या करत होते. बारकी माझ्याकडे पाठ करून, कपाटाच्या आरशासमोर बसून फुंकत होती. पहिल्यांदा तिने नीट फुंकलं, मोठा श्वास घेऊन. काटा बघून तिने तो चटकन खाली ओढला. मग गाल फुगवले, जीभ नळीच्या तोंडाला लावली, आणि बी थुंकावी तसं "थू" केलं. काटा उडी मारून वर गेला. तिने तो आकडा लिहिला. मग मान वर केली आणि आरशात आमची नजरानजर झाली.

"आई, हिरवा," ती म्हणाली.

मी म्हणाले, "शाबास."

शाबास म्हणाले मी. नऊ वर्षांच्या पोरीने श्वासाची चोरी करायला शिकून घेतलं होतं, कारण फोनवरची भांडणं तिने ऐकली होती, आणि तिची आई तिला शाबासकी देत होती. मारायचं असेल तर मला मारा. पण त्या साहेबाला आणि त्या काट्याच्या मालकालाही रांगेत उभं करा.

चौथ्या आठवड्यात, सकाळचे सात वाजले असतील. सासूबाई कढईजवळ. तेल तापून निळसर धूर सुटलेला. बारकी शाळेच्या कपड्यांत पाणी प्यायला आली आणि ओटा धरून उभी राहिली. पाण्याकडे हात गेलाच नाही. खांदे कानांना लागलेले. गळ्याखालचा खळगा प्रत्येक श्वासाला आत ओढला जात होता, कुणी आतून दोरी खेचावी तसा. माझ्याकडे बघून तिने तोंड उघडलं. शब्द आला नाही, फक्त शिटी आली.

"अहो!" मी ओरडले.

फिटर धावत आला. पोरीला बघितलं, आणि काय केलं असेल त्याने? खिशातून पट्टी काढली. हो. पट्टी धरून तो खिडकीच्या कडेने फिरायला लागला. "कुठून येतोय? कुठून शिरला धूर?" वर, खाली, कोपऱ्यात, दारापाशी. पट्टी लटकलेली. हलत नव्हती. "फट नाहीये! कुठेच फट नाहीये!" तो ओरडत होता, आणि त्याच्या पाठीमागे त्याची मुलगी निळी पडत होती.

"अहो, फेका तो कागद! दार उघडा!"

मी तिला उचललं आणि जिने उतरले. तिचा दम्याचा पंप तोंडाला लावला, एक, दोन, चार. मागच्या बोळात, जिथे ट्रक येत नाहीत, तिथे आल्यावर शिटी जराशी कमी झाली. नवऱ्याने शेजाऱ्याची गाडी आणली. इस्पितळात पोचेपर्यंत मी तिच्या पाठीवर हात फिरवत होते आणि तिच्या फासळ्या माझ्या बोटांखालून सरकत होत्या.

दुपारी ती जरा सावरल्यावर सिस्टर वही घेऊन आल्या. जाड चष्म्याच्या, फटकळ बाई.

"काल संध्याकाळी दोनशे दहा? आणि आज ही अवस्था?" त्यांनी स्टूल ओढलं आणि बारकीच्या अगदी समोर बसल्या. "फुंक बघू. ओठ घट्ट. जीभ आत. गाल नाही फुगवायचे."

काटा एकशे दहावर थांबला. बारकी चादरीचा दोरा उपटायला लागली.

"मग दोनशे दहा कुणी फुंकलं, भुताने?"

"ती थुंकते त्यात," मी म्हणाले. "मला माहीत होतं."

फिटरने माझ्याकडे पाहिलं. "कधीपासून?"

"पंधरा दिवस झाले."

त्याने चार लोकांत शिवी घातली असती तर बरं वाटलं असतं. तो उठला आणि बाहेर जाऊन पायरीवर बसला.

तिसऱ्या दिवशी सकाळी सिस्टर घरी आल्या. बारकी अजून इस्पितळातच होती. त्यांच्या हातात डब्याएवढं यंत्र होतं, हवेतली बारीक धूळ आणि धूर मोजणारं. खाली ट्रकच्या रांगेशेजारी उभं राहून त्यांनी ते फिटरच्या हातात दिलं. आकडा एकशे चाळीस. जिन्यात पंच्याण्णव. आमच्या दारापाशी आल्यावर फिटर इतक्या दिवसांत पहिल्यांदा जरा हसला.

"आता आत बघा, सिस्टर."

आत तीनशे दहा. स्वयंपाकघरात सासूबाईंची कढई चालू होती. तिथे सहाशे दहा, आणि आकडा चढतच होता.

"बिघडलंय हे," फिटर म्हणाला.

तो यंत्र घेऊन खाली गेला. धापा टाकत वर आला. परत खाली गेला. दोन्ही वेळा तेच. बाहेर कमी, आत जास्त. दुसऱ्यांदा वर आल्यावर तो दारातच भिंतीला टेकून खाली बसला. यंत्र मांडीवर.

सासूबाईंनी गॅस बंद केला. कढईत अर्धवट तळलेलं तसंच. "म्हणजे माझ्या डब्यांनी झालं? मी केलं हे?"

"नाही, आजी. डबे आधीही होतेच. तेव्हा धुराला जायला वाट होती."

मग सिस्टरनी भराभर सांगितलं. पंखा परत बसवा, शेगडी पेटवायच्या आधी लावा आणि विझवल्यावर थोडा वेळ चालू ठेवा. तेलातून धूर निघेपर्यंत तापवू नका. कॉइल फेका, मच्छरदाणी लावा. कोरडा झाडू मारू नका, ओल्या फडक्याने पुसा. ट्रक असतील तेव्हा रस्त्याकडच्या खिडक्या बंद, अकरा ते चार मागची खिडकी सताड उघडी. शाळेत जाताना रस्ता सोडा, मागच्या बोळाने जा. सगळं मिळून दोन मिनिटं लागली असतील. एवढंच होतं. आम्हाला "खिडक्या बंद ठेवा" म्हणणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडाला ही दोन मिनिटं जड झाली होती.

"आणि ट्रक?" मी विचारलं.

सिस्टरनी चष्मा पुसला. "ट्रकचं माझ्या हातात असतं तर मी इथे कशाला आले असते? काट्यावरच गेले असते."

त्या गेल्यावर फिटरने कटर काढला. त्याने आपल्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम ज्या हाताने केलं होतं, त्याच हाताने ते खरवडून काढलं. फोमचे तुकडे ओट्यावर, कढईत, सासूबाईंच्या केसांत. भोक मोकळं झालं तेव्हा आधी हॉर्न आत आला आणि मागून ट्रकचा धूर. एकशे चाळीसची हवा सहाशेच्या घरात शिरली आणि आम्ही तिघांनी ती छाती भरून घेतली, चांगली हवा म्हणून.

बारकी घरी आली. आता मी समोर बसून फुंकून घ्यायचे. खरे आकडे यायला लागले. एकशे तीस, एकशे पस्तीस, एकशे पन्नास. सिस्टरनी सांगितलेलं आम्ही एकूणएक केलं. दहा दिवसांनी यंत्र पुन्हा आणलं तेव्हा स्वयंपाकघरात डब्यांच्या वेळी एकशे साठ. कमी झालं म्हणून सासूबाई रडल्या. पण डॉक्टरांनी छातीला स्टेथोस्कोप लावला, बराच वेळ ऐकलं आणि मान हलवली. "सूज आहे अजून. घर सुधारलंत, रस्ता तोच आहे. तीन-चार महिने तरी हिला लांब ठेवा."

फिटर म्हणाला, "तू सांगशील तसं." एवढं बोलून त्याने हात झटकले. मी त्याला दोष देत नाही. त्या दिवसापासून घरात तो कुठल्याच गोष्टीबद्दल ठाम बोलत नव्हता.

नणंद भाड्याची गाडी घेऊन आली ती दुपारी चारला, नेमकी रांग सुरू होताना. वर आली नाही. गुडघे दुखतात म्हणाली. मला वाटतं, माझ्या तोंडाला तोंड द्यायचं टाळलं तिने. पिशवी दाराशी होती. बारकी पिशवीवर बसली होती.

"मी बरी झालेय," ती म्हणाली. "खरंच. बघायचंय? मी खाली जाऊन पळत वर येते. न थांबता. मग नाही ना पाठवणार?"

नाही म्हणायला हवं होतं. पण माझ्यातली ती जुनी लबाड बाई अजून जिवंत होती. तिला वाटलं, कुणी सांगावं, येईलही. मी म्हणाले, "पळ."

ती उतरली. मग तिची पावलं वर यायला लागली. पहिला मजला, भराभर. दुसऱ्यावरही जोर होता. मग पावलं सुटी सुटी झाली. एक पायरी. एक पायरी. कठडा घासल्याचा आवाज. फिटर माझ्या मागे उभा होता, त्याने तोंड फिरवलं.

ती वर आली तेव्हा हसत होती. ओठ गच्च मिटून हसत होती, धाप दिसू नये म्हणून. नाकपुड्या फुललेल्या, गळ्याचा खळगा आत-बाहेर.

"बघ," ती म्हणाली. मग थांबली. "काही." पुन्हा थांबली. "नाही झालं."

"झालं, बाळा," मी म्हणाले. "दिसतंय मला."

तिचं हसू उतरायला जरा वेळ लागला. मग तिने भोकाड पसरलं, आणि रडायलाही तिला श्वास पुरेना. मी तिला कडेवर घेतलं, एवढी नऊ वर्षांची, लांब पाय माझ्या गुडघ्यांवर आपटत होते. दुसऱ्या हातात पिशवी. फिटरने पिशवी घ्यायला हात पुढे केला, मी दिली नाही.

नणंदेने दार उघडून धरलं. मी तिला औषधं समजावून सांगितली, ती प्रत्येक औषधाला "हं" म्हणत होती. तिने एकही टोमणा मारला नाही. त्यानेच मला जास्त लागलं.

गाडी निघाली आणि वीस पावलांवर अडकली. पुढे रांग, मागे रांग. काचा वर होत्या. पाऊण तास ती गाडी तिथेच उभी होती, दोन खडीच्या ट्रकांच्या मध्ये, आणि मी कडेला उभी राहून हात करत होते. बारकीही काचेतून हात करत होती. मग तिचा हात दमला. मग ती आत्याच्या मांडीवर डोकं टेकून झोपली. नणंदेने तिच्या अंगावर ओढणी टाकली आणि माझ्याकडे न बघता ती नीट सारखी केली.

रांग हलली तेव्हा बारकीला कळलंही नाही. मी मात्र हात तसाच वर धरून उभी राहिले.